येतानी कुठं बसले?

आमच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. ते रोज सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी बाहेर यायचे आणि केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या एकूण एक माणसाशी हात मिळवायचे. कुत्रं चावलेला असो, पाय मुरगळलेला असो की नुसता बीपीच्या गोळ्या न्यायला आलेला असो, सर हात पुढे करायचे, समोरच्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, जरा वेळ तसाच धरून ठेवायचे आणि विचारायचे, "येतानी कुठं बसले?"

माणसं गोंधळायची. कोणी म्हणायचं, "एसटीत जागाच नाही भेटली जी, उभ्यानंच आलो." एका म्हाताऱ्याला तर वाटलं, डॉक्टर आपल्यावर पाळत ठेवून आहेत. तो घाईघाईनं म्हणाला, "कुठंच नाही बसलो सायेब, देवाशप्पथ. दारूच्या दुकानाकडं पाह्यलं बी नाही." सरांनी त्याचा हात सोडला आणि पुढच्याचा धरला.

गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर जुनी मंडळी फोन करून असं नव्हतं, तसं होतं म्हणून वाद घालतील, आणि सरांबद्दल वाद घालायला आमच्याकडे सगळ्यांनाच आवडतं. मी तिथं स्टाफ नर्स होते आणि आजही आहे. सरांची बदली होऊन ते गेले, पण त्यांच्या जागी आलेल्या शहाण्यासुरत्या डॉक्टरांकडं पाहताना मला अजूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

हात मिळवण्यामुळं व्हायचं तेच झालं. डॉक्टर निवडणुकीला उभे राहणार, अशी हूल उठली. एक कार्यकर्ता पांढरे कपडे घालून खरंच विचारायला आला, "सायेब, कोन्त्या पार्टीकडून?" सरांनी त्याचाही हात धरला. "गरम हाये, कोरडा हाये," ते म्हणाले. "काही झालं नाही तुले. जाय घरी." तो बिचारा गेला, पण बाहेर जाऊन सांगत सुटला की डॉक्टर अपक्ष लढणार आहेत.

खरी गोष्ट अशी होती की सर घाम शोधत होते. ज्याच्या हृदयाची नळी बंद होत असते त्याचा हात थंड आणि ओला लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्याला घर ते दवाखाना एवढ्या वाटेत मध्येच कुठंतरी टेकावं लागतं, त्याचं दुखणं तो सांगतो त्यापेक्षा मोठं असतं. आमच्या भागातला माणूस छातीत दुखतंय असं सरळ सांगत नाही. तो म्हणतो, गॅस झाला. म्हणतो, पाठीत लचक भरली. म्हणतो, रात्री वांग्याची भाजी खाल्ली होती. "तोंडावर इश्वास नोका ठेवू," सर आम्हाला सांगायचे. "तोंड लाजते, हात लाजत नाही."

एकदा रिसोडच्या बाजारातला एक धान्याचा व्यापारी दाढ दुखते म्हणून आमच्याच दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांच्या दारापुढं उभा होता. जाडजूड माणूस, गालावर रुमाल दाबलेला. सरांनी त्याचा दुसरा हात धरला आणि सोडलाच नाही.

"दाढ कोन्ती?"

"डाव्या अंगाची. खालची."

"जेवतानी दुखते का चालतानी?"

व्यापाऱ्यानं विचार केला. असं कोणी त्याला विचारलं नव्हतं. "चालतानी," तो म्हणाला, आणि मग स्वतःच घाबरला.

"चालल्यानं दाढ दुखत नसते बाप्पा," म्हणत सर त्याला तसेच हाताला धरून कॅज्युअल्टीत घेऊन आले. ईसीजीच्या पट्टीवर जे निघायचं तेच निघालं. तो वाचला. पुढं कित्येक दिवस तो भेटेल त्याला सांगायचा की मी दाढ काढायला गेलो होतो आणि तिथल्या डॉक्टरनं माझं हार्ट काढलं. त्याला म्हणायचं होतं शोधून काढलं, पण ऐकणारा घाबरून जायचा.

दिसायला सर म्हणाल तर अगदीच साधे. बुटके, पोट सुटलेलं, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. शर्टाची बटणं मात्र रोज चुकीची लागलेली असायची. त्याचं कारण म्हणजे दवाखान्यात आल्यावर पहिलं काम ते शर्ट काढून ईसीजीच्या टेबलावर आडवे व्हायचे. मशीन नीट चालतं की नाही, हे तपासायला रोज स्वतःची पट्टी काढून घ्यायचे. तारा लावून लावून त्यांच्या छातीवरचे केस जागोजागी उडाले होते. एकदा वाशीमहून मोठे साहेब न सांगता पाहणीला आले, तर आमचे डॉक्टर उघडेबंब निजलेले. साहेब दारातच थांबले. सर पडल्या पडल्या म्हणाले, "या न साहेब, बसा. दोन मिनिटं हालता नाही येत मले, पट्टी खराब होते." साहेब बसले. नंतर त्यांनी आपलीही पट्टी काढून घेतली. ती चांगली निघाली तेव्हा कुठं त्यांचा राग गेला.

गॅस या शब्दाशी सरांचं हाडवैर होतं. पट्टी काढल्याशिवाय कोणी केसपेपरवर तो शब्द लिहिला की सर त्याला आपल्या हातचा चहा पाजायचे. तो चहा म्हणजे शिक्षाच होती. त्यात ते साखर घालायचे नाहीत आणि मूठभर ओवा घालायचे. "गॅसवर चांगला असते," म्हणायचे, "घे, तुलेच गॅस दिसते न सगळीकडं." त्यांच्या खोलीत एक जुनी शेगडी होती. छातीचा पेशंट आला की ते आधी शेगडीवर आधण ठेवायचे आणि ओरडायचे, "उकळी याच्या आत पट्टी माह्या हातात पाहिजे!" उकळी आधी आली की ड्युटीवरच्या सगळ्यांना ओव्याचा चहा. आमचा ईसीजीवाला टेक्निशियन तो चहा पिऊन पिऊन एवढा चपळ झाला की पेशंटचा शर्ट निघायच्या आधी त्याच्या तारा तयार असायच्या.

दवाखान्याच्या फाटकापाशी एक लिंबू-सोडेवाला गाडी लावायचा. छातीत जळजळ झालेली निम्मी माणसं आमच्याकडं न येता त्याच्याकडं जातात, हे सरांच्या लक्षात आलं. मग ते त्याच्याकडं जाऊन बसले. "सोडा मांगाले जो छातीवर हात ठेवून येईन, त्याले आधी माह्याकडं धाडजो." सोडेवाला भला माणूस. त्यानं डॉक्टरांचं ऐकलं आणि जो येईल त्याला विचारू लागला, "छातीत दुखते काय हो?" गिऱ्हाईक दचकून निघून जायचं. आठवडाभरात तो सरांपुढं हात जोडून उभा. "सायेब, माह्या धंद्याची वाट लावली तुमी. जवान पोट्टे बी पळून राह्यले." सर म्हणाले, "पळून राह्यले न? मंग त्याईले काही झालं नाही. जो पळू शकत नाही तो धाड." सोडेवाल्याला हे पटलं. आमच्याकडं त्यानं पुढं खरोखरचे पेशंट पाठवले, आणि त्याबद्दल सर रोज त्याच्याकडचा सोडा प्यायचे. त्यांनाच गॅस व्हायचा.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांच्या मोटरसायकलवरच्या फेऱ्या. तपासून, पट्टी काढून, काही नाही म्हणून आपण ज्याला घरी पाठवलं तो खरंच बरा आहे का, हे सर दुसऱ्या दिवशी स्वतः पाहायला जायचे. एका पेशंटला असं घरी सोडलं होतं. तो केनवडचा. सर त्याच्या घरी पोचले तर दारात कोणीच नाही. शेजारच्या बाईला त्यांनी विचारलं, "इथला कालचा मानूस जिता हाये न?" ती बाई किंचाळलीच. तिच्या आवाजानं गल्ली गोळा झाली, घरची मंडळी शेतातून धावत आली, आणि सगळ्यांच्या मागून तो माणूसही धापा टाकत आला, कोण मेलं ते पाहायला. सर खूश झाले. "शेतातून पळत आला, म्हंजे बेस हाये," म्हणाले आणि परत फिरले. केनवडच्या लोकांनी पुढं कित्येक दिवस त्या माणसाला नवसाचा समजून वागवलं.

एवढं हृदयाच्या मागं का लागले सर, याच्या दवाखान्यात दहा कहाण्या होत्या. कोणी म्हणे वडील तसे गेले. कोणी म्हणे धाकटा भाऊ. एकदा दुपारी काम कमी होतं म्हणून मी सरळ विचारलं. सर म्हणाले, "कारण कायले पाहिजे बाई? मानूस आपल्या रांगेत उभ्या उभ्या मरते. हे कमी पडते काय तुले?" मी पुन्हा कधी विचारलं नाही.

माझ्यावर मात्र त्यांचा एक मोठा उपकार आहे, आणि तो मला तेव्हा ताप वाटला होता. टेक्निशियन पुरुष. बायका त्याच्यापुढं ब्लाउज काढायला तयार होत नसत. त्यापेक्षा त्या म्हणायच्या, छातीत नाही, पोटात दुखते. पोटात दुखते म्हटलं की गोळी मिळते आणि अब्रूही राहते. सरांनी एका कोपऱ्याला पडदा लावून घेतला आणि मला हाक मारली. "सिस्टर, आजपासून बायाईची पट्टी तू काढशीन." मी म्हटलं, "सर, मला वाचता येत नाही ती." "मंग शिकशीन." त्यांनी मला रोज स्वतःच्याच पट्ट्या वाचायला दिल्या. एवढ्या, की सरांच्या हृदयाचा एकेक ठोका मला पाठ झाला. रेघ कुठं सपाट असावी, कुठं चढली की धावायचं, हे मी त्या माणसाच्या छातीवर शिकले.

आणि मग घंटीचं प्रकरण झालं.

रांग हीच खरी वैरीण, असं सरांनी एके दिवशी ठरवलं. हार्टचा पेशंट केसपेपरसाठी उभाच कशाला राहिला पाहिजे? त्यांनी बाजारातून पितळेची चांगली ठसठशीत घंटी आणली आणि दवाखान्याच्या दारात, हात पोचेल अशी टांगली. खाली पाटी लावली: छातीत, पोटाच्या वर, पाठीत, जबड्यात दुखत असेल, घाम सुटला असेल, तर रांगेत उभे राहू नका. घंटी वाजवा. घंटी वाजली की आम्ही व्हीलचेअर घेऊन धावायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी घंटी वाजली. आम्ही धावलो. दारात एक गृहस्थ चपला काढून उभे होते. त्यांनी घंटी वाजवली, डोळे मिटून हात जोडले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि खरजेच्या मलमासाठी रांगेत जाऊन उभे राहिले.

मग तर विचारूच नका. दारात घंटी टांगलेली दिसली की आमचा माणूस ती वाजवणार नाही असं होणं नाही. लेकराला कडेवर उचलून बाया त्याच्या हातानं घंटी वाजवून घ्यायच्या. पाटी कोणी वाचली नाही. आठवडा संपायच्या आत घंटीला कुंकू लागलं. शनिवारी कोणीतरी रुईच्या पानांची माळ घालून गेलं. सर स्पिरिटचा बोळा घेऊन कुंकू पुसायचे आणि ओरडायचे, "अरे बाबू, हा मारोती नाही, दवाखाना हाये!" एका आजोबांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "असू द्या न सायेब. दोहीकडं जीव वाचवाचंच काम हाये."

आम्ही धावणं सोडलं. घंटी वाजली की बसल्या जागेवरून विचारायचो, "दर्शन का दुखणं?" सर एकटे मात्र प्रत्येक वेळी उठून धावायचे. दिवसभर ठणठण आणि दिवसभर सरांची धावपळ. खरे पेशंटही त्या घंटीनं आत आले हे मला नाकारता येत नाही, म्हणून ती काढा असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

तुरी सोंगायचे, म्हणजे कापायचे, दिवस होते. सकाळी चांगलाच गारठा असायचा. मी ड्रेसिंगच्या खोलीत होते आणि खिडकीतून मला बाहेरच्या बाकावर आई बसलेली दिसली. माझी आई आमच्या खेड्यात भाऊ-भावजयीजवळ राहते. बाजाराला आली की अशी दवाखान्यात यायची आणि माझी ड्युटी संपेपर्यंत बाकावर बसून राहायची. आत यायची नाही, हाक मारायची नाही. पोरगी कामात आहे, तिला त्रास नको. मी खिडकीतून हात केला. तिनंही केला.

सरांची हात मिळवायची फेरी चालू होती. रांग संपवून ते बाकाकडं वळले. आईपुढं त्यांनी हात केला. आईनं दोन्ही हात जोडले. "जय भीम सायेब." परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायची तिला सवय नाही.

"जय भीम मावशी," सर म्हणाले. हात काही त्यांना सापडला नाही. "येतानी कुठं बसले?"

आईनं सरळ उत्तर दिलं. तिला वाटलं, डॉक्टर चौकशी करतायत तर सांगावं. "स्टँडवर उतरली न मी, तं रसवंतीपाशी बसली. मंग बँकेच्या पायरीवर बसली. मंग तुमच्या फाटकाजवळ त्या सोडेवाल्यानं बसवलं. मंग इथी."

"काहून बसली एवढी?"

"जीव घाबरे. पोटात आग आग होऊन राह्यली सकाळपासून. उलटीवानी होते."

"आधी बसत होती काय अशी?"

"कायले बसू? दिवाळीपावतर डोक्शावर पोतं घेऊन येत होती मी."

सर तिच्या कपाळाकडं बघत होते. एवढ्या गारठ्यात तिच्या कपाळावर घाम होता आणि पदराची कड ओली झाली होती. पुढचं मी खिडकीतून पाहिलं. सर व्हीलचेअरसाठी ओरडले, कोणी येण्याची वाट न पाहता स्वतःच आत पळाले, आणली, आणि आईला तिच्यात बसवून ढकलत आणू लागले. मी हातातलं ड्रेसिंग तसंच टाकून धावले.

पडद्यामागं सर मला म्हणाले, "पट्टी तूच काढ. दुसऱ्या कोनाले ते हात नाही लावू देनार."

आई म्हणाली, "तू कायले आली? ड्युटी कर तुही."

"हेच ड्युटी हाये माय," मी म्हटलं. आईशी बोलताना माझी जीभ आपोआप घरची होते.

मी तिचं ब्लाउज सोडलं, छाती पुसली. घामानं तारेचं चिकटवायचं टोक सरकत होतं. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. हात कापले की पट्टी कापते, हे सरांनीच शिकवलेलं, म्हणून मी दात दाबून हात स्थिर ठेवले. पट्टी निघू लागली. रेघ जिथं सपाट असायला हवी तिथं ती चढून बसली होती. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ती पट्टी फाडून पडद्याबाहेर सरांच्या हातात दिली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर कधीच काही दिसत नसे, तेव्हाही दिसलं नाही.

गोळ्या चावायला दिल्या. पट्टीचा फोटो अकोल्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना मोबाईलवर गेला, त्यांचा लगेच फोन आला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आमच्याकडं फ्रिजमध्ये होतं. ते कायम असावं म्हणून सर वाशीमच्या ऑफिसात जाऊन जाऊन भांडत आले होते. सर आईजवळ वाकले.

"मावशी, तुह्या हृदयाची नळी बंद झाली. या सुईनं ते गुठळी इरघळते. कधी कधी दुसरीकडून रक्त बी येते, तो धोका हाये. देऊ का?"

"माह्या पोरीले इचारा."

"पोरीच्या हाताले नाही टोचून राह्यलो मी. तू सांग."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "द्या मंग."

इंजेक्शन दिलं. आता थांबायचं होतं. तासाभरानं पुन्हा पट्टी काढायची, रेघ खाली आली तर नळी उघडली, नाही आली तर नाही. मी सरांना पॅसेजमध्ये गाठलं. "सर, आई वाचेल ना?"

"मले मालूम नाही."

मला त्यांचा स्वभाव माहीत होता. पेशंटच्या माणसांना ते कधी काळजी करू नका, सगळं ठीक होईल असं म्हणत नसत. उद्याचं विचारलं तरी म्हणायचे, मी काय ज्योतिषी हाये. पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. एक खोटं वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. मी आईजवळ जाऊन तिचा हात धरून बसले. ती मॉनिटरकडं बघत होती आणि तिच्या पोटातली आग अजून थांबली नव्हती.

सर आले, उभे राहिले, मॉनिटर पाहिला. मग आईला विचारलं, "मावशी, एवढं होत होतं तं घंटी काहून नाही वाजवली?"

"कोन्ती घंटी? ते देवळातली?"

"देवळातली नाही व, दवाखान्याची."

"कुकू लावलं हाये, हार घातला हाये. लोकं हात जोडून राह्यले. मी कायले वाजवू? आमी सोडलं न ते सारं. माह्या सासऱ्यानं बाबासाहेबाच्या मांगं सोडलं, मी पोट दुखते म्हून पुन्हा धरू काय?"

आमच्या घरी देवळाची घंटी कोणी वाजवत नाही, हे मला माहीत असून त्या घंटीशी जोडायला माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सर वळले आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं दारात गलका ऐकू आला. टेक्निशियन सांगत आला, सर स्टुलावर चढून घंटी काढून राह्यले. भर ओपीडीत, रांग बघत असताना. कोणीतरी म्हणालं, "सायेब, अशी काढू नोका, कोप होते." सर म्हणाले, "होऊ दे. कोप झाला तं माह्यावर होईन, तुह्यावर नाही." घंटी त्यांनी सोडवून काढली आणि झेडपीच्या शाळेत पाठवून दिली. मग आपल्या खोलीतली गादीची खुर्ची स्वतः ओढत आणून दारात, आत शिरताच पहिली दिसेल अशी ठेवली. केसपेपरच्या बाईंना सांगितलं, "इच्यावर जो कोनी बसन, त्याची आधी पट्टी. कोन हाये, काय दुखते, काही इचाराचं नाही." खुर्चीला हात जोडायची कोणाला सवय नव्हती. थकलेला माणूस त्या दिवसापासून मुकाट्यानं तिच्यावर बसू लागला आणि आमच्या नजरेत येऊ लागला. काही आळशी लोकांच्याही पट्ट्या निघाल्या, त्याचं सरांना काही वाटलं नाही.

हे सगळं करून ते परत आले तेव्हा वेळ झाली होती. मी दुसरी पट्टी काढली. या वेळी मी पट्टीकडं पाहिलं नाही. तशीच सरांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. पहिली पट्टी खिशातून काढून शेजारी धरली. पुन्हा पाहिली. मग चष्मा काढून हातात घेतला आणि बसायला म्हणून मागं पाहिलं, तर बसायला काही नव्हतं. ते आईच्या खाटेशेजारी फरशीवरच बसले.

"उतरली," ते म्हणाले.

मी पट्टी हिसकून घेतली. रेघ खाली आली होती. पूर्ण नाही, पण आली होती. आईनं विचारलं, "काय उतरलं?"

"माय, आग कशी हाये?" मी म्हटलं.

"मघाचीच कमी झाली. तुले सांगाचं राह्यलं." ती उठायला बघू लागली, मी तिला दाबून निजवलं. "काहून निजवून राह्यली? फोन लाव घरी. उद्या आपल्या तुरी सोंगाले बाया सांगितल्या हायेत मी. त्याईच्यासंगं कोन जाईन? तुही भावजय तं लेकरात गुंतली."

सर फरशीवरून म्हणाले, "मावशी, उद्या नाही. उद्या तू अकोल्याले. हे तूर दुसऱ्याईले सोंगू दे. पुढच्या वर्षीची तू सोंगजो."

"पुढच्या वर्षीची?"

"हाव. पुढच्या वर्षीची. तूच सोंगजो."

उद्याचंसुद्धा सांगायला नकार देणारा माणूस खाली बसून माझ्या आईशी पुढच्या वर्षाचं बोलत होता. मी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पोटभर रडून घेतलं. मागं आई सरांना विचारत होती, आता तं सारं बरं झालं न, मंग हे पोरगी काहून रडून राह्यली.